आमचे एक व्यसन

प्रत्येक गृहस्थास एखादे तरी व्यसन असावे असा जणू सृष्टीचा नियमच दिसतो. कोणास पानतंबाखूचे, कोणास पत्त्यांचे, कोणास परक्याच्या घरच्या गोष्टी चघळण्याचे, तर कोणास न मागता उपदेश करण्याचे. आमच्या वाट्यास आलेले व्यसन यांपैकी कोणतेही नव्हे; आणि ते चारचौघांत सांगताना आम्हांस या वयातही थोडा संकोच वाटतो. कारण, ज्या गावी आम्ही राहतो आणि ज्या व्यवसायावर आमचे पोट चालते, त्या दोहोंशीही या व्यसनाचा मेळ बसवून दाखविणे कठीण आहे. आम्ही लातूर जिल्ह्यातील रेणापूर येथे मोंढ्यातील एका आडतीवर मुनीम आहोत. आणि गेली पन्नास वर्षे आम्हांस विज्ञानकथा वाचण्याचे वेड आहे.

रेणापूर हे रेणा नदीच्या काठचे, रेणुकादेवीच्या देवळामुळे पंचक्रोशीत ओळखले जाणारे, लातुराहून अंबाजोगाईकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. येथे दिवसभर आमच्या कानी पडणारे शब्द म्हणजे तूर, हरभरा, सोयाबीन, कट्टा, काटा, हमाली, तोलाई आणि पट्टी. सकाळी दुकान उघडले की माल उतरतो, सौदा होतो, माप होते, आणि शेतकऱ्याच्या हाती पट्टी पडते. ती पट्टी लिहिणे हे आमचे काम. हे काम करणाऱ्या मनुष्याने संध्याकाळी घरी जाऊन भाकरी-पिठले खावे व स्वस्थ निजावे, अशी जगाची अपेक्षा असते. आम्ही भाकरी-पिठले खातो. परंतु त्यानंतर गच्चीवर दिवा घेऊन बसतो आणि पहाटेचा गारवा सुटेपर्यंत कधी शनीच्या कड्यांजवळ असतो, तर कधी समुद्राच्या तळाशी. पूर्वी वीज रात्र रात्र जात असे. त्या काळी सूर्याची शक्ती पृथ्वीवर निर्माण करणाऱ्या यंत्रांची वर्णने आम्ही कंदिलाच्या उजेडात वाचलेली आहेत, आणि मध्येच रॉकेल संपल्यामुळे अनेक ग्रहांचे भवितव्य दुसऱ्या दिवसावर ढकललेले आहे.

या जागरणाचे परिणाम कधी कधी मोंढ्यातही उमटतात. एकदा तुरीच्या एका पट्टीवर आम्ही तारखेच्या जागी चालू साल न लिहिता, आदल्या रात्री ज्या काळात वावरत होतो ते 2078 हे साल लिहून बसलो. शेतकरी शहाणा होता. पट्टी वाचून तो शांतपणे म्हणाला, “मुनीमजी, म्हंजे पैसे तवाच मिळणार व्हय?” तेव्हापासून आडतीवरील मंडळी आमच्या हातून पट्टी घेताना आधी साल पाहतात व मग रक्कम.

घरची मंडळी या व्यसनास सरावली आहेत. आमच्या सौभाग्यवतींचे मत असे की, ज्या माणसास कोपऱ्यावरच्या दुकानातून आणावयाच्या चार जिनसा लक्षात राहत नाहीत, त्याने आकाशगंगेची चौकशी करू नये. या मतात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. परंतु दिवाळी जवळ आली की त्याच पिशवीत घडी करून पैसे ठेवितात आणि म्हणतात, “अहो, तुमचे ते अंक आणायचे असतील ना?” मग ज्या दिवशी मोंढा बंद असेल त्या दिवशी आम्ही एस. टी. ने लातुरास जातो. गंजगोलाईस सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यांतील बहुतेकांवर आमची पावले दिवाळी अंकांसाठी झिजली आहेत. ‘नवल’, ‘धनंजय’ यांसारखे अंक हाती आले की परतीच्या गाडीत उभे राहावे लागले तरी त्याचे आम्हांस दुःख होत नाही. उरलेल्या वर्षाची बेगमी रद्दीवाल्याकडे होते. तेथे पुस्तके वजनावर मिळतात. सारा जन्म काट्याजवळ गेल्यामुळे हा व्यवहार आम्हांस चांगला जमतो; आणि किलोच्या भावाने विज्ञानकथा घेणारा वाचक मराठीत आमच्याखेरीज दुसरा असल्यास त्यास भेटण्याची आमची मनापासून इच्छा आहे.

आता या कथांत एवढे आहे तरी काय, असे कोणी विचारील. या प्रश्नाचे उत्तर पंडितांनी निरनिराळे दिले आहे. आम्ही आमच्या धंद्याच्या भाषेत देतो. विज्ञानकथा ही एक खतावणी आहे. तिच्यात पहिली रक्कम लेखकाने आपल्या मर्जीने मांडावी. मनुष्य अदृश्य झाला असे धरा, काळातून मागेपुढे जाणारे यंत्र सापडले असे धरा, पृथ्वीवर बर्फ पसरू लागले असे धरा. ती रक्कम कोठून आली हे आम्ही फार खोदून विचारणार नाही. परंतु एकदा ती मांडली की पुढचा सारा जमाखर्च पैशापैशाने जुळला पाहिजे. अदृश्य झालेल्या मनुष्यास थंडी वाजेल की नाही, त्याने खाल्लेले अन्न दिसेल की नाही, त्याच्या पावलांचे ठसे चिखलात उमटतील की नाही, या सर्वांचा हिशेब लेखकाने दिला पाहिजे. वेल्सने तो 1897 साली दिला, म्हणून ती कथा अद्याप जिवंत आहे. जेथे हा हिशेब चुकतो तेथे कथा नुसती भुलवणूक होते, आणि तसल्या भुलवणुकीचा आम्हांस मुनीम या नात्याने तिटकारा आहे.

या मार्गास आम्हांस लाविले ते भा. रा. भागवतांनी. बारा-तेरा वर्षांचे असताना त्यांनी मराठीत आणिलेले ज्यूल व्हर्न यांचे ‘चंद्रावर स्वारी’ हे पुस्तक आमच्या हाती आले. त्या प्रतीची शेवटची पाने कोणी तरी फाडून नेली होती. माणसे तोफेच्या गोळ्यात बसून चंद्राकडे निघाली, आणि पुस्तक संपले! पुढे ती परत आली की नाही, हे सांगणारा मनुष्य त्या वेळी आम्हांस भेटला नाही. त्या वर्षी आम्ही रोज रात्री नवा शेवट रचीत असू. खरा शेवट वाचावयास मिळाला तो पुष्कळ वर्षांनी. परंतु तोवर रोग हाडीमासी खिळला होता.

पुढे कळले की हा रोग मराठीत नवा नाही. व्हर्नच्या चांद्रप्रवासाचे मराठी रूप ‘केरळ-कोकिळ’ मासिकात 1900 च्या सुमारासच येऊन गेले होते, आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात श्री. बा. रानड्यांची ‘तारेचे हास्य’ ही कथा ‘मनोरंजन’ मासिकाच्या वाचकांनी वाचिली होती. तथापि या घराण्यास खरी प्रतिष्ठा मिळाली ती 1974 नंतर. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्या वर्षी ‘कृष्णविवर’ या कथेस पहिले बक्षीस मिळाले. कथाकाराचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. आपल्या नावाची आद्याक्षरे त्यांनी उलटी केली होती, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीच्या हस्ताक्षरात पाठविली होती. कीर्तिमान शास्त्रज्ञाने स्पर्धेत इतरांच्या रांगेत असे निनावी उभे राहावे, ही गोष्ट आम्हांस त्या कथेइतकीच आवडते. पुढे 1979 साली ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह आला. त्यांच्याबरोबर आणि त्यांच्यामागून बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर अशी लेखकांची एक पिढीच उभी राहिली, आणि आमच्या जागरणांची चांगली सोय झाली.

येथपर्यंतची हकिकत सुखाची आहे. आणखी एक सुखाची आठवण सांगून मग मूळ गोष्टीकडे वळतो. कारण त्या सुखातूनच पुढील दुःख निघाले.

1979 च्या जून-जुलैत ‘स्कायलॅब’ पडणार म्हणून चहूकडे हाकाटी झाली होती. सुमारे सत्त्याहत्तर टन वजनाची ती अमेरिकन प्रयोगशाळा आकाशातून खाली येत होती, आणि ती कोठे पडेल हे कोणासही नेमके सांगता येत नव्हते. खेड्यापाड्यांत तर प्रलयाचीच भाषा सुरू झाली. कोणी नवस बोलले. कोणी, आता कशाला राखून ठेवायचे, म्हणून घरातले तूपगूळ संपवून टाकिले. त्या वेळी आम्ही सतरा वर्षांचे होतो. आम्ही देवळाच्या पायरीवर बसून जमलेल्या मंडळींस सांगितले की, पृथ्वीचा पाऊण भाग पाणी आहे, उरलेल्यातही रानेवने आणि वाळवंटेच फार. तेव्हा ती वस्तू नेमकी आपल्या माळवदावर पडण्याची भीती बाळगणे व्यर्थ आहे. 11 जुलै रोजी तिचे तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. आमचे म्हणणे खरे ठरले! वस्तुतः यात आमचा पराक्रम काही नव्हता. जे बहुधा घडते तेच घडले होते. परंतु त्या दिवसापासून नातलगांत आमची गणना शास्त्र्यांत होऊ लागली. ग्रहण लागो, धूमकेतू दिसो, नवे औषध येवो, आमचे मत विचारल्याशिवाय कोणाचे समाधान होईना. आणि मत विचारले की ते देण्याची आम्हांस सवय लागली. हे दुसरे व्यसन पहिल्यापेक्षा फार वाईट, हे आम्हांस चौदा वर्षांनी कळले.

आमची एक मावशी औसा तालुक्यात, किल्लारीपासून दोन-तीन कोसांवरील एका खेड्यात राहत असे. 1992 च्या पावसाळ्याच्या अखेरीस त्या भागात जमिनीचे हादरे बसू लागले. भांडी वाजत, जमिनीतून गुरगुरल्यासारखा आवाज येई. लोक भयभीत होऊन घराबाहेर निजू लागले. त्या दिवाळीत आम्ही मावशीकडे गेलो. तिचे घर तिकडच्या इतर घरांसारखेच. दोन-अडीच हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडी किलचांवर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात उबदार असे ते घर तिचा मोठा अभिमान होता. रात्री जेवणे झाल्यावर ती आमच्या जवळ येऊन बसली आणि म्हणाली, “तू शिकलेला हायेस, पुस्तकं वाचतूस. तूच सांग, घरात निजावं का अंगणात? ह्या भिती पडल्या तर?”

आम्ही हसलो. ते हसणे दुष्टपणाचे नव्हते. आपल्या माणसाचे भय दूर करावे एवढाच त्यात हेतू होता. आम्ही तिला समजावून सांगितले की, दख्खनचे पठार म्हणजे पृथ्वीवरील अत्यंत जुना आणि स्थिर खडक. येथे मोठे भूकंप होत नाहीत. कोयनेस 1967 साली झाला खरा, परंतु तेथे धरणाचे पाणी होते. भूकंपाच्या नकाशात आपला भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात दाखविलेला आहे. तेव्हा अंगणात थंडीवाऱ्यात निजून आजारी मात्र पडशील. हे सर्व आम्ही वाचलेले होते आणि त्या काळच्या पुस्तकांत तसेच छापलेले होते. मावशीने आमच्या तोंडावरून हात फिरविला व ती म्हणाली, “तू म्हणतूस तर निजते बाबा.” त्या रात्री ती आत निजली.

वाचकहो, याच्या आधी कित्येक वर्षे आम्ही नारळीकरांची ‘हिमप्रलय’ ही कथा वाचिली होती. तीत पृथ्वीवर हिमयुग येणार असे सांगणाऱ्या शास्त्रज्ञाचे कोणी ऐकत नाही. जो तो त्यास नेहमीचे ठरीव उत्तर देतो, आणि अखेरीस मुंबईत बर्फ पडते. ती वाचताना आमचा सारा कल त्या एकट्या शास्त्रज्ञाकडे होता. त्याची उपेक्षा करणाऱ्यांचा आम्हांस संताप आला होता. आपण त्या काळी असतो तर त्याच्या बाजूने उभे राहिलो असतो, याविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. आणि प्रत्यक्ष आयुष्यात तो प्रश्न आमच्यासमोर आला, तेव्हा प्रश्न विचारणारी व्यक्ती नऊवारी लुगड्यातली एक निरक्षर बाई होती म्हणून आम्ही तो ओळखिला नाही. ‘असे झाले तर?’ हा प्रश्न आम्ही शेकडो पुस्तकांत वाचला होता. तोच तिने विचारिला, आणि आम्ही तिला नकाशा दाखविला.

30 सप्टेंबर 1993 रोजी, गणपतीचे विसर्जन करून लोक थकून निजले असताना, पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. येथे रेणापुरातही आम्ही अंथरुणातून उठून रस्त्यावर धावलो. उजाडल्यावर बातम्या येऊ लागल्या. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून आठ ते दहा हजारांच्या घरात माणसे गेली. पुढे बावन्न गावे उठवून दुसरीकडे वसवावी लागली. धक्क्याचे मान 6.2 इतके होते. तेवढ्या धक्क्याने अन्यत्र इतकी हानी होत नाही, असे जाणते लोक सांगतात; येथे माणसे मारली ती त्या जाड दगडमातीच्या भिंतींनी आणि त्या जड माळवदांनी. मावशीचे यजमान शेतात राखणीस गेले होते म्हणून वाचले. मावशी घरात होती.

आम्हांस दोष कोणी दिला नाही. तिचे यजमान उलट आमचेच समाधान करीत. ते म्हणत की, हादरे थांबून किती तरी महिने झाले होते. अवघे गाव पुन्हा आत निजू लागले होते. तू काही म्हणाला नसतास तरी तीही निजलीच असती. हे खरे असेलही. आमच्या हिशेबात मात्र ती रक्कम आजतागायत जुळलेली नाही. पुढे 2002 साली भूकंपाचा नकाशा बदलला. तो ‘पहिला पट्टा’ देशाच्या नकाशातूनच काढून टाकण्यात आला आणि आमचा हा भाग तिसऱ्या पट्ट्यात गेला. शास्त्राने आपली चूक दुरुस्त केली. शास्त्राचा तो धर्मच आहे. आमची चूक दुरुस्त होण्यासारखी नव्हती.

त्यानंतर दोन वर्षे आम्ही विज्ञानकथा वाचिली नाही. पुस्तके ट्रंकेत घालून ट्रंक माळ्यावर टाकिली. जगबुडीच्या गोष्टी करमणूक म्हणून वाचणे आम्हांस निर्लज्जपणाचे वाटू लागले. मोंढ्यातून यावे, जेवावे, निजावे. जगाची अपेक्षा होती तसे आम्ही त्या दोन वर्षांत जगलो. अखेर एका पावसाळ्यात सौभाग्यवतींनी ट्रंक खाली काढिली. पुस्तकांस वाळवी लागू नये एवढेच त्यांचे म्हणणे होते. पुस्तके उन्हात पसरली असता एक हाती घेतले आणि उभ्याउभ्याच वाचीत राहिलो.

तेव्हा आमच्या ध्यानी आले की आम्ही या कथांवर अन्याय करीत होतो. आम्हांस फसविले ते त्यांनी नव्हे. त्या बिचाऱ्या पानोपानी एकच सांगत होत्या: जे कधी घडले नाही ते घडणारच नाही असे समजू नका, घडले असे धरून एकदा हिशेब तर करून पाहा. आम्ही मात्र त्यांतील रॉकेटे, यंत्रे आणि परग्रहांवरची माणसे पाहत राहिलो, आणि तो हिशेब करण्याची सवय तेवढी घेतली नाही. भूकंप होईल की नाही हे त्या रात्री कोणासही सांगता आले नसते. आजही येत नाही. परंतु झाला तर या भिंतींचे काय होईल, हे सांगण्यास शास्त्रज्ञ लागत नव्हता. गावचा कोणताही गवंडी ते सांगू शकला असता. विचारावयाचे तेवढे राहिले.

त्या दिवसापासून आम्ही पुन्हा वाचू लागलो. परंतु वाचण्याची रीत बदलली. आता कथा संपली की आम्ही ती मिटून ठेवीत नाही. तिची पहिली रक्कम रेणापुरास आणून मांडून पाहतो. 1998 साली दूरदर्शनवर ‘कॅप्टन व्योम’ लागे, तेव्हा आमची मुले पडद्यावरील युद्धे पाहत आणि आम्ही त्यांस मध्येच विचारीत असू, “या यानातले पाणी संपले तर?” मुलांस याचा फार कंटाळा येई. हल्ली चिरंजीव मोबाइलवर परदेशी चित्रपट दाखवितात. डोळे दिपतात खरे; परंतु तेथे सर्व काही इतक्या वेगाने घडते की ‘तर’ म्हणावयास सवड मिळत नाही. पुस्तकात बोट घालून गच्चीवर येरझारा घालता येतात, हा त्याचा मोठा गुण आहे.

पाण्याचा तो प्रश्न पुढे आमच्या जिल्ह्यासही विचारला गेला. 2016 साली मांजरा धरणाने तळ गाठला, आणि 12 एप्रिल रोजी मिरजेहून पाण्याची आगगाडी लातुरास आली. पहिल्या खेपेस दहा टाक्या, त्यांत पाच लाख लिटर पाणी, आणि अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटर. मंगळावरचे लोक ध्रुवाकडचे पाणी कालव्यांनी कोरड्या प्रदेशात नेतात, अशी पर्सिव्हल लॉवेल या ज्योतिषाची एके काळी कल्पना होती. तिच्यावर पुष्कळ कथा लिहिल्या गेल्या, आणि आम्ही त्या आवडीने वाचिल्या होत्या. आता मंगळावर कालवे नाहीत हे सिद्ध झाले आहे, आणि लातुरास पाण्याची गाडी येऊन गेली आहे. आम्ही त्याआधी दोन वर्षे आमच्या गच्चीचे पावसाचे पाणी नळीने एका टाक्यात सोडिले होते. शेजारीपाजारी त्यास ‘मुनीमजींचा समुद्र’ म्हणत. खरे सांगावयाचे तर ते पाणी माघापर्यंतही पुरले नाही. परंतु गल्लीत आता तशी चार टाकी आहेत.

20 मे 2025 रोजी पुण्यास डॉ. नारळीकर निवर्तले. मोंढ्यात त्या दिवशी नित्याप्रमाणे सौदे चालले होते. आम्ही खतावणी मिटून थोडा वेळ स्वस्थ बसलो. मालकांनी विचारिले, “कोण गेलं? नात्यातलं का?” आम्ही ‘होय’ म्हणालो, आणि आम्हांस ते असत्य वाटले नाही.

त्यांच्या कथांपेक्षाही अद्भुत अशी त्यांची एक खरी गोष्ट सांगून हा लेख पुरा करितो. हैदराबादेस टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे बलून सोडण्याचे केंद्र आहे. तेथून 2005 साली एक प्रचंड बलून आकाशात सोडण्यात आला. त्याखाली निर्जंतुक केलेली पोलादी नळकांडी होती. वीसपासून एकेचाळीस किलोमीटर उंचीपर्यंतची हवा त्यांत भरून घेतली आणि ती पॅराशूटने खाली उतरविली. त्या प्रयोगाचे प्रमुख शोधक नारळीकर होते. पृथ्वीवर कोठेही आढळले नव्हते असे जिवाणूंचे तीन नवे प्रकार त्या हवेत सापडल्याचे 2009 साली जाहीर झाले. एकास त्यांचे गुरू फ्रेड हॉयल यांचे नाव देण्यात आले. हॉयल स्वतःही विज्ञानकथा लिहीत. हे जीव आकाशातून आले की पृथ्वीवरूनच वर गेले, हे त्या प्रयोगाने ठरले नाही, आणि ते ठरले असे शोधकांनी म्हटलेही नाही. आम्हांस त्या प्रयोगापेक्षा हा संयम अधिक मोठा वाटतो.

असे बलून हैदराबादेहून आजवर अनेकदा सुटले आहेत, आणि त्यांची उपकरणे दोन-तीनशे किलोमीटरांवर सोलापूरच्या दिशेला कोठेही उतरू शकतात. म्हणून वर्तमानपत्रांत सूचना येते की, पॅराशूटला लटकलेली पेटी शेतात आढळल्यास हात लावू नये, पोलिसांस कळवावे. अशी सूचना आली की आम्ही पहाटे गच्चीवर उभे राहून पूर्वेकडे पाहत असतो. अद्याप आम्हांस काही दिसलेले नाही.

मागे अशीच सूचना आम्ही आडतीवर मोठ्याने वाचून दाखविली. ऐकणाऱ्यांत एक हमाल होता. मोंढ्यामागे पत्र्याच्या खोलीत त्याचे बिऱ्हाड आहे. तो म्हणाला, “मुनीमजी, ते रातच्याला आमच्या पत्र्यावर पडलं तर?” भोवतालची मंडळी हसली. एकाने सांगितले की, एवढ्या मोठ्या मुलखात ते नेमके तुझ्या डोक्यावर कशाला येईल? तो हिशेब आमच्या चांगल्या ओळखीचा होता. सतराव्या वर्षी देवळाच्या पायरीवर बसून आम्हीच तो मांडिला होता.

आम्ही लेखणी खाली ठेविली आणि त्यास जवळ बसविले. ते पडण्याचा संभव फार थोडा आहे हे सांगितले, कारण ते खरे होते. मग पॅराशूट म्हणजे काय, पेटी कशी हळूहळू उतरते, पत्रा किती भार सोसतो, मुले कोणत्या भिंतीशी निजतात आणि दार कोणत्या बाजूस उघडते, हे सर्व आम्ही दोघांनी मिळून पाहिले. बोलता बोलता असे निघाले की त्याच्या खोलीची मागची भिंत पावसाने फुगली आहे आणि मुले तिच्याच पायथ्याशी निजतात. त्याच संध्याकाळी गवंडी बोलाविला.

सूचनेतील दूरध्वनी क्रमांक आम्ही आडतीच्या फळ्यावर, तुरीच्या भावाशेजारी, खडूने लिहून ठेविला आहे. बलून अद्याप आलेला नाही.